काचेवरची टकटक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा एवढं वगळूनच बोलत आले. त्याला सगळं आधीच ठाऊक असतं म्हणतात — मग मुद्दाम तोंडाने कशाला उच्चारायचं? अशी आपली सोय मी करून ठेवली होती. आणि आज तुमच्याशी बोलायला बसले, तर आधी उठून दार नीट लागलंय ना ते बघून आले. मग पुन्हा एकदा बघून आले. घरात चिटपाखरू नाही. तरी आवाज खालीच ठेवते.

भीती वाटते हो. कुणाची म्हणाल तर पोलिसांची नाही, इतक्या वर्षांनी कोण विचारतंय? भीती वाटते ती माझ्या पोटच्या पोराची. मिहिरची. आता तो कुणी तापट, मारकुटा माणूस आहे असं समजू नका. फार गुणी आहे. सकाळी ऑफिसला जाताना वरच्या मजल्यावरून मुद्दाम खाली उतरून माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेतल्या का विचारून जातो. पण त्याला एक दिवस आठवेल — खरं काय झालं होतं ते आठवेल — आणि तो मान वळवून माझ्याकडे बघेल. ते बघणं मी इतक्या वेळा मनात पाहिलंय की कधीकधी तो नुसता 'आई' म्हणून हाक मारतो आणि मी हातातलं काम टाकून आधी त्याचं तोंड बघते.

गेल्या आठवड्यात एक गोष्ट घडली. तिच्यापायी मी तोंड उघडलंय, नाहीतर हे माझ्याबरोबरच गेलं असतं. पण ती शेवटी सांगेन. आधी मागचं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही.

तर मी काळी आहे. सावळी नाही, गव्हाळ नाही, ते सगळे स्थळं सुचवणाऱ्यांचे शब्द. काळी. आमचं माहेर श्रीवर्धनकडचं. लहानपणी दर रविवारी आमची आत्या मला ओटीवर बसवून डाळीचं पीठ आणि साय अशी खसाखसा चोळायची की कातडी सोलून निघेल. 'घास गो, घास, जरा तरी उजेड पडेल.' मुलगी बघायला आलेली माणसं पोहे संपवून म्हणायची, मुलगी कामसू दिसते. ह्यांनी मला पसंत केलं तेव्हा घरात सगळ्यांना आधी शंका आली, की ह्यांच्यात काही खोट तर नाही? हे गोरे. आणि मिहिर झाला तो ह्यांच्यावर गेला, लोण्यासारखा. कुवेतला आले तेव्हा तो वर्षाचाही नव्हता. हवल्लीत राहायचो आम्ही. एकदा त्याला कडेवर घेऊन बकाल्यात दूध आणायला गेले. बकाला म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान. तिथे एक भारतीय बाई मला विचारते, 'मॅडम घर पे हैं क्या?' मी कोण, तर ह्या गोऱ्या बाळाची आया! मी हसले. हो, हसले आणि घरी आले. आणि दुसऱ्या दिवसापासून दूध आणायला जातानासुद्धा हातात सोन्याच्या पाटल्या घालायला लागले.

हे कशाला सांगतेय? कारण म्हणून? नाही. ज्या बाईला हा चटका पुरता ठाऊक होता, तिनेच पुढचं सगळं केलं, एवढं तुम्हाला कळावं म्हणून.

आमच्या मुलखाला जुनी माणसं हबसाण म्हणायची. जंजिऱ्याच्या सिद्दीचं राज्य. म्हणजे काळ्या माणसांनी राज्य केलेला मुलूख तो, आमचे पणजोबा त्यांना शेतसारा भरत होते. पण आमच्या घरात त्यातलं काय उरलं? तर मुलं जेवेनाशी झाली की म्हणायचं — 'हबशी येईल हां!' बाकीच्यांच्या घरी बागुलबुवा, आमच्याकडे हबशी. आत्या ताट पुढ्यात घेऊन बसायची आणि दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेराने टकटक करायची. 'आला बघ. ऐकलंस? आ कर.' मी आ करायचे. घास आत. मला कधी कुणी हबशी दाखवला नाही, कारण दाखवायला तिथे कुणी नव्हतंच. कुवेतला मात्र होता.

हवल्लीच्या त्या इमारतीचा हारिस होता तो. इथे प्रत्येक इमारतीला असा एक राखणदार असतो, खाली जिन्याजवळच्या खोलीत राहणारा. त्याचं नाव इद्रीस. होता इजिप्तचाच, पण पार दक्षिणेकडचा, अस्वानच्या बाजूचा, नुबियन म्हणतात त्यांना. उंच, किडकिडीत, आणि रंगाने — माझ्याहून काळा. हे मी पहिल्या दिवशी जोखलं होतं, खोटं कशाला बोलू? त्याला पाहिलं आणि मनात कुठेतरी बरं वाटलं. ह्या इमारतीत सगळ्यात काळी मी नाही. मालकाचा माणूस यायचा तो त्याला 'या अब्द' अशी हाक मारायचा. अब्द म्हणजे गुलाम, हे मला लवकरच कळलं. हा 'हाजिर' म्हणून धावत जायचा. त्याचं तोंड कसं व्हायचं ते बघायला मी कधी थांबले नाही. आपल्याला थोडंच म्हणतोय, म्हणून दुधाची पिशवी घेऊन लिफ्टमध्ये शिरायचे.

मिहिर जेवायला महाबिलंदर. वरणभाताचा घास गालात धरून बसायचा तो बसायचाच. गिळायचं नाव नाही. हे ड्युटीवर, बाहेर वाऱ्यात धूळ, चार भिंतींत मी आणि हे मूल. आमची स्वयंपाकघराची खिडकी नेमकी फाटकावर उघडायची. खाली इद्रीस खुर्ची टाकून बसलेला. एकदा — कसं सुचलं ते सांगता येणार नाही, माझा हात आपोआप उठला — मी बोटाचं पेर वाकवून काचेवर टकटक केली. त्याने वर पाहिलं. मी मिहिरच्या कानाशी म्हटलं, 'हबशी! बघ, बघतोय तुझ्याकडे. जेवत नाही त्याला घेऊन जातो.' पोराने आ केला.

मग काय, रोजचंच झालं ते. आणि इद्रीस काय करायचा माहितीये? हात हलवायचा. हसायचा. त्याला वाटायचं, वरच्या घरातलं बाळ आपल्याला रोज बोलावतं! त्याला त्याच वयाचा मुलगा होता गावाकडे, मला सांगितलं होतं त्याने जिन्यात, हाताने उंची दाखवून. अंगावर पितं असतानाच सोडून आला होता, मग सुट्टीवर गेला तर पोरगा त्याला बघून रडला म्हणे. सांगताना हसत होता. तर तो खालून हात हलवायचा, त्याचे ते पांढरे दात दिसायचे, आणि मी म्हणायची, 'बघ, दात बघ त्याचे.' की घास आत. मिहिरचं वजन वाढलं. फोनवर आईला मी कौतुकाने सांगितलं.

आणखी आहे. कचरा. इद्रीस मजल्यामजल्यावरून कचऱ्याच्या काळ्या पिशव्या गोळा करून खाली न्यायचा. मिहिरने विचारलं, त्यात काय आहे? मी म्हटलं, मुलं. न जेवणारी. बोलता बोलता म्हटलं हो, एका हाताने पोळी उलटत. आज सांगताना पुन्हा एकदा दाराकडे बघितलं मी. तेव्हा मात्र सहज बोलून गेले होते.

शेंगदाणेही सांगते, म्हणजे सगळं झालं. गावाहून आला की इद्रीस भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी आणायचा मिहिरसाठी. खाली वाकून, तळहातावर ठेवून द्यायचा. मिहिर माझ्या पदराआड लपायचा, थरथर कापायचा. इद्रीस म्हणायचा, लाजतो. मीही म्हणायची, हो, लाजतो. शेंगदाणे मात्र घ्यायची. चांगले असायचे. चटणी करायची मी त्यांची.

मिहिर चार वर्षांचा झाला असेल तेव्हा. आमच्या वरच्या मजल्यावर वैशाली म्हणून कोल्हापूरची एक बाई राहायची, ती त्या संध्याकाळच्या विमानाने गावी निघाली होती. आता गावाला जाणारं माणूस म्हटलं की आमचे सगळ्यांचेच हात शिवशिवतात, त्याच्या बॅगेत आपलं काहीतरी कोंबायला. मला आईसाठी बदाम आणि एक शाल पाठवायची होती. दुपारी मिहिर झोपला होता. दाराला बाहेरून कुलूप लावून मूल कोंडायचं नाही, अशी आमच्याकडची पद्धत. म्हणून नुसतं ओढून घेतलं आणि वर गेले. पटकन येणार होते. बसले. चहा झाला. तिच्या सासूचं सगळं ऐकून झालं.

मिहिर उठला. आई नाही. दार उघडं. जिन्याला घाबरायचा तो, म्हणून लिफ्टमध्ये शिरला आणि कुठलं तरी बटण दाबलं त्याने. लिफ्ट थेट तळघरात गेली. आणि दार उघडलं तर समोर — तुम्हीच बघा आता ते त्या पोराच्या डोळ्यांनी. अर्धवट अंधार. काळ्या पिशव्यांचा ढीग. आणि त्या पिशव्यांमध्ये उभा इद्रीस. त्याला बघून हसला असणार. दात दाखवून.

मूल एकटं बघून इद्रीसने काय करावं? उचललं. कुणीही उचलेल. तुम्ही नसतं उचललं? उचलून वर फाटकापाशी घेऊन आला. पोर असं किंचाळत होतं की ती किंकाळी लिफ्टच्या पोकळीतून वैशालीच्या मजल्यापर्यंत आली. वैशाली आत बॅगेचं वजन करत होती. मी तशीच अनवाणी जिना उतरत सुटले.

खाली पोचले तोवर गर्दी जमली होती. बकालेवाला होता, आमच्याच इमारतीतले केरळचे एक गृहस्थ होते, आणखीही कोण कोण. त्यांनी मिहिरला इद्रीसच्या हातांतून ओढून घेतलं होतं. इद्रीसच्या मनगटातून रक्त येत होतं, मिहिर चावला होता. आणि मिहिर हिंदीतून मोठमोठ्याने सांगत होता, 'ये बैग में डालता है, सब बच्चे को बैग में डालता है!' कुणीतरी इद्रीसची कॉलर धरली होती. कुणीतरी पोलिसांना फोन केला होता. एवढ्या सगळ्यात मी दिसताक्षणी इद्रीसचा चेहरा फुलला. सुटलो, असा हसला तो. म्हणाला, 'उम्म मिहिर!' मिहिरची आई. तो मला ह्याच नावाने हाक मारायचा. पुढे काहीच बोलला नाही, त्याला गरजच वाटली नाही. आता ही सांगेल, असंच त्याला वाटलं.

सगळ्या जगात एकटी मी होते, जिला ठाऊक होतं की हे पोर असं का बोलतंय.

पोलीस आला. केरळच्या गृहस्थांना अरबी चांगली यायची, ते मध्ये बोलत होते. पहिला प्रश्न आला, तुम्ही कुठे होता? झोपलेलं मूल उघड्या घरात टाकून चहा पीत बसलेली बाई — असं सगळ्यांसमोर कोण म्हणेल? मी म्हटलं, घरातच होते, आंघोळीला गेले होते. झालं, पहिलं खोटं पडलं. सोपं गेलं. मग त्याने विचारलं, हा माणूस मुलाच्या ओळखीचा आहे का? आधी कधी जवळ यायचा का?

आणि मी म्हटलं — आता एकेक शब्द सांगते, कारण माझा एकही शब्द मी विसरलेले नाही — मी म्हटलं, 'तो रोज खिडकीकडे वर बघतो. मुलाला हात करतो. हसतो. शेंगदाणे देऊ करतो. मूल त्याला घाबरतं.'

बघा बरं, ह्यात एक तरी शब्द खोटा आहे? सगळं खरं. त्याने रोज वर बघितलं होतं, कारण मी रोज टकटक केली होती. तेवढं सोडलं. आधी काय घडायचं ते गिळलं आणि नंतरचं तेवढं त्या माणसाच्या अंगावर टाकलं. केरळच्या गृहस्थांनी अरबीत सांगायला सुरुवात केली तसा इद्रीसचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर बदलत गेला. भाषा त्याची होती, त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं मी काय केलं ते. त्याने आरडाओरडा केला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला. मी मिहिरचं तोंड माझ्या खांद्यात दाबून धरलं. लोकांना वाटलं, आईचं काळीज. मला भीती होती की पोर आता मराठीत म्हणेल, आई, तूच तर सांगितलंस.

गाडीत बसवून नेलं त्याला. पोलीस स्टेशनला इथे मखफर म्हणतात. तिथे ठेवला होता किती तरी दिवस. हे घरी आले, सगळं ऐकलं आणि भिंतीवर मूठ आपटली. म्हणाले, मी असतो तर जीवच घेतला असता. मी चहा टाकला. वैशाली गेली होती विमानाने. मला खोटं पाडणारं त्या इमारतीत कुणी उरलंच नव्हतं.

जाऊन सांगता आलं असतं, नाही? मीही तेच म्हणत होते स्वतःला. एका सकाळी निघालेसुद्धा. वाक्य पाठ केलं होतं, अरबी-हिंदी मिसळून — चूक माझी आहे, मीच मुलाला घाबरवलं होतं. बसस्टॉपपर्यंत गेले. उभी राहिले. आणि एकदम मनात आलं, मला विचारतील, मग परवा खोटं का बोललात? खोटी साक्ष दिली म्हणून आमचाच इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द झाला तर? ह्यांची नोकरी? आणि ही माणसं माझ्याकडे बघतील, माझ्या रंगाकडे बघतील, आणि म्हणतील ही त्याच्यातलीच दिसते. हो, हेही मनात आलं होतं. इतक्या नीच जागी माझं मन गेलं होतं. बस आली आणि गेली. मी कोथिंबीर घेऊन घरी परत आले.

पुढे मालकाच्या माणसाकडून कळलं, की गुन्हा काही सिद्ध झाला नाही, पण असल्या माणसाला ठेवणार कोण? इकामा रद्द केला आणि पाठवून दिला गावी. मुलांना धरणारा म्हणून गेला तो. त्याच्या गावातही ते आधीच पोचलं असेल का? त्याच्या त्या मुलाच्या कानावर गेलं असेल का? मला कसं कळणार? नंतर किती तरी वर्षं दाराची बेल वाजली की मी आधी भिंगातून बघायची आणि मनात तयारी करायची, की तोच असेल. कधीच नव्हता तो. मला शोधायला यायची त्याला काय गरज होती म्हणा.

खिडकीवरची टकटक त्या दिवसापासून बंद झाली. गरजच उरली नाही. मिहिर ताट पुढे आलं की खाली मान घालून मुकाट्याने सगळं संपवायचा.

आता मिहिरची गोष्ट. म्हणजे ती 'गोष्ट'. 'लहानपणी मला कुवेतमध्ये एका ब्लॅक माणसाने जवळजवळ किडनॅप केलं होतं.' शाळेत सांगितली, पुण्याला इंजिनिअरिंगला गेला तिथे सांगितली, लग्न ठरलं तेव्हा सूनबाईला सांगितली. दर वेळी थोडी वाढलेली. आता तिच्यात चाकूही आहे. गणपतीच्या जेवणाला पंगत बसली की कुणीतरी म्हणतंच, 'मिहिर, तो किस्सा सांग रे.' तो सांगतो, हे मध्येमध्ये भर घालतात, बायका 'बाप रे' करतात, आणि कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणतं, वहिनी, तुमचं काय झालं असेल हो तेव्हा! मी वरणाची वाटी घेऊन उठते. कुणाला वाढायचं नसलं तरी उठते.

अमेरिकेत एका काळ्या माणसाचा पोलिसांच्या हातून जीव गेला आणि टीव्हीवर रोज मोर्चे दिसायचे, तेव्हा मिहिरने फोनच्या स्टेटसवर नुसता काळा चौकोन ठेवला होता. मी विचारलं, हे काय रे? म्हणाला, 'सपोर्ट, आई. त्यांच्या राइट्ससाठी.' मला वाटलं, आज सांगावं. हाच दिवस आहे. मी म्हटलं, 'मिहिर, आपल्या त्या हारिसचं...' तर मला पुरतं बोलूच दिलं नाही. 'दॅट्स डिफरंट, आई. तो क्रिमिनल होता.' मी बरं म्हटलं आणि गॅस बंद करायला गेले. गॅस पेटलेला नव्हताच.

आता आम्ही कुवेतमध्येच, पण एगैलाला राहतो, ते दोघं आणि माझी नात ईरा वर, आम्ही खाली. चकचकीत इमारत आहे, लॉबीत संगमरवर, एसी. तिथे काउंटरवर युगांडाचा एक तरुण रखवालदार बसायचा. जोसेफ नाव. माझ्या हातातली भाजीची पिशवी न सांगता लिफ्टपर्यंत आणून द्यायचा, 'मामा' म्हणायचा मला, त्यांच्याकडे मामा म्हणजे आई. ईराला बघून एकदा त्याने टाळ्या वाजवल्या आणि ती खुदकन हसली. मिहिर तिथेच होता. ईराला उचलून लिफ्टमध्ये शिरला. दुसऱ्या दिवशी इमारतीच्या ऑफिसात जाऊन सांगून आला, की हा माणूस लहान मुलांच्या आसपास नको, माझा अनुभव आहे. त्याने अनुभव सांगितलाही असणार, चाकूसकट. जोसेफला लॉबीतून काढलं आणि बाहेर फाटकावर उभा केला. उन्हात. जून महिना, डांबर वितळायची वेळ. पत्र्याची वीतभर सावली आहे तिथे, ती पण सकाळपुरती. मी खाली जायचंच टाळते. गेले तर मान खाली घालून जाते, आणि तो तरी म्हणतो, 'गुड मॉर्निंग, मामा.'

आमच्या खिडकीतून ते फाटक दिसतं.

गेल्या आठवड्यात सुट्टीचा दिवस होता. सूनबाई बाहेर गेली होती म्हणून मिहिर ईराला घेऊन जेवायला आमच्याकडे आला. ईरा अगदी बापावर गेली आहे, घास गालात धरून बसते. मी वाटीत वरणभात कालवत होते, मिहिर तिला कडेवर घेऊन खिडकीशी उभा होता. एक घास, दुसरा घास, मग तोंड घट्ट बंद. त्याने लाडीगोडी करून पाहिली. विमान करून पाहिलं. आणि मग — मी बघत होते, मला डोळे मिटताही आले नाहीत — त्याने बोटाचं पेर वाकवलं आणि काचेवर टकटक केली. तस्संच. त्याच ठेक्यात. आमच्या आत्याचा ठेका होता तो, श्रीवर्धनच्या दाराच्या चौकटीवरचा.

'लुक, ईरा! तो ब्लॅक मॅन बघ, तुला बघतोय. पटकन खा, नाहीतर ही विल टेक यू.'

मला वाटलं, आठवलं ह्याला. आता वळेल. आता विचारेल. मी वाटी धरून उभी राहिले. आणि तो वळला, हो, पण हसत. म्हणाला, 'आई, कसलं वर्क होतंय बघ हे! कुठून सुचलं मला, कोण जाणे.'

त्याच्या खांद्यावरून मला खालचं फाटक दिसत होतं. जोसेफने कपाळावर हात धरून उन्हातून वर पाहिलं, आमची खिडकी शोधली, आणि हसून हात हलवला. ईराने त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे मोठे झाले आणि तिने आ केला.

मिहिरने मागे न बघताच माझ्यापुढे हात केला. मी पुढचा घास कालवला आणि त्याच्या हातात दिला.